इंदापूर ते बारामती: 'सातवा मैल' बँड आणि माझी एक चुकीची पोस्ट

फोन आला तेव्हा मी अंगणातल्या शेवग्याला पाणी घालत होतो. बारामतीहून एक संयोजक बोलत होते. 'सातवा मैल' हा जुना रॉक बँड बारामतीत येतोय, पन्नास वर्षं झाली त्यांना. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमावरची तुमची ब्लॉगपोस्ट आम्ही वाचली, दोन पास पाठवतो, मध्यंतरात दोन मिनिटं बोला. मी पाइप तसाच वाहता ठेवून हो म्हणालो.

जुन्या वाचकांना ती पोस्ट आठवत असेल. पुण्यातलं पत्र्याच्या छताचं सभागृह, मध्येच गेलेली वीज, मुका झालेला माईक, आणि अंधारात नुसत्या गळ्यानं गात राहिलेला गायक. इंदापूरच्या शाळेत तीस वर्षं कविता शिकवताना हा प्रसंग मी प्रत्येक वर्गाला सांगितला. कविता खड्या आवाजात म्हणा, आवाजाला तार लागत नाही, हे पटवायला मला याहून चांगलं काही सापडलं नव्हतं.

दुसरा पास अर्थातच सुखदेवचा. तो मूळचा कन्हेरीचा, पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आता बारामतीलगत जळोचीत राहतो. फोनवर म्हणाला, "तू स्टेजवर बोलनार? काय बोलनार?"

"वीज गेल्याचं. दुसरं काय?"

"ये. मुक्कामालाच ये," एवढंच बोलला.

इंदापूरहून बारामतीला निमगावमार्गे थेट एसटी आहे, दीडेक तास धरा. मी मात्र मुद्दाम भिगवणची वाकडी वाट धरली, कारण माशांचं नाव काढलं की माझा संयम सुटतो. गाडीत कंडक्टरनं अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं.

"हे पांढरे केस पुरत नाहीत का?"

"केस काय, माझंबी पांढरं हायेत आबा. मला कोन अर्धं तिकीट देतंय?"

ज्येष्ठांनो, कार्ड खिशात वरच ठेवा.

भिगवणला हायवेलगतच्या एका साध्या खानावळीत चिलापी खाल्ली. कढईतून थेट ताटात, सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. दोनशेच्या आत पोट भरतं. उजनीचं पाणी दुपारच्या उन्हात नुसतं थरथरत होतं आणि मी भाषणाच्या ओळी कागदावर जुळवत बसलो होतो. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, मासा खाताना इच्यार करू नका. काटा आडकतो." सल्ला मोलाचा आहे, तुम्हीही पाळा.

तिथून बारामतीची गाडी लगेच मिळाली. स्टँडवर सुखदेव इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. सहाचा कार्यक्रम, आम्ही साडेपाचलाच तिसऱ्या रांगेत. जाणार असाल तर कानात घालायला कापूस न्या. ड्रमवर पहिली काठी पडली आणि छातीवर कुणीतरी दार ठोठावावं तसं झालं. गायक आता माझ्याच वयाचा, गुडघ्याला पट्टा बांधून उंच स्टुलावर बसलेला. पण आवाज असा की माझ्या हातातली पाण्याची बाटली थरारली. मला सवय, मी बोटांवर ल-गा-गा, ल-गा-गा करत तो ठेका भुजंगप्रयातात बसवू लागलो.

"मास्तर, मोजू नको. ऐक," सुखदेव म्हणाला.

चौथ्या गाण्यानंतर गायकानं घाम पुसला आणि सांगायला लागला. "आमच्या पहिल्या शोला लाइट गेली होती. खरं सांगतो, आम्ही गाणं थांबवलं. घाबरलो होतो, मागच्या दारानं पळायच्या बेतात होतो. तेवढ्यात हॉलमधून कुणीतरी गायला लागलं. आमचं नव्हे, भीमगीत होतं ते. काय आवाज होता. आमच्या ड्रमरनं त्याच्यामागं ठेका धरला. लाइट येईपर्यंत तो गात होता. कोण होता, आम्हाला कधीच कळलं नाही."

मी सुखदेवच्या कानाशी वाकलो. "म्हातारा विसरला रे. हाच तर गात होता."

सुखदेव समोर बघतच म्हणाला, "तुला काय ठाव? तू कुठं आत हुतास?"

"म्हणजे?"

"पास एकच हुता. आपन नाणं उडवलं. तू हारलास. तू भाईर सायकल स्टँडवर बसला हुतास."

वाचकहो, त्या सभागृहातली माझी खुर्ची मला आत्ता, हे लिहितानाही दिसते. तिचा डावा हात मोडका आहे. अंधारात शेजारी कुणीतरी खोकतंय. आणि तरीही सुखदेव 'सायकल स्टँड' म्हणाला तेव्हा मांडीखालचा लोखंडी पाइप आठवला, कागदातले शेंगदाणे आठवले, सभागृहाच्या उजळलेल्या खिडक्या एकदम काळ्या झालेल्या आठवल्या. त्या मी बाहेरून पाहिल्या होत्या. बाकी सगळं त्यानं परतताना रस्त्यात सांगितलेलं, आणि त्यात खुर्ची टाकून बसलेला मी.

"मग गायलं कोण?" मी विचारलं आणि विचारतानाच कळलं. सुखदेवच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत बुलबुलतरंग, ढोलकी घेऊन ते गावोगाव गात फिरायचे आणि लहानपणी सुखदेव त्यांच्यामागं कोरसला उभा राहायचा.

"तू होतास."

"व्हय." मग लगेच, "मध्यंतर झालं बघ. तुला बोलावत्यात. माझं नाव काढायचं न्हाय."

स्टेजवर दिवे डोळ्यांत घुसत होते. मी खिशातला कागद काढलाच नाही. म्हणालो, "मी त्या कार्यक्रमाला नव्हतो. बाहेर सायकल स्टँडवर होतो. हे मला आत्ता, दहा मिनिटांपूर्वी कळलं. आत माझा मित्र होता, आणि तुम्ही सांगता ते खरं आहे."

गायक स्टुलावरून उतरला, लंगडत माझ्याजवळ आला. "तो मित्र आलाय का इथं?"

तिसऱ्या रांगेत सुखदेव चपलांकडे बघत होता.

"त्याला विचारून सांगतो," मी म्हणालो. लोक हसले. मी खाली आलो. उत्तरार्धात बँडनं काय गायलं, मला सांगता येणार नाही.

सकाळी जळोचीत त्याच्या ओट्यावर चहा घेताना मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"अंधार हुता म्हनून गायलो. समदी इंग्रजी बोलनारी पोरं त्या हॉलात. माझ्या अंगात सदरासुदिक तुझा. उजेडात त्वांड उघडलं असतं व्हय मी?"

"ते त्यांना. मला का नाही?"

"तुला सांगनारच हुतो. पन तू नाणं हारल्यापास्नं त्वांड एवढंसं करून बसलेला. त्यात आनि मीच गायलो म्हनून सांगू? घातलं गायकाच्या नावावर. तर म्हैन्याभरात तूच खोलीखोलीत सांगत सुटलास, मी आत हुतो म्हनून. आन् इतकं झ्याक सांगायचास मास्तर, मलाच वाटाय लागलं की तू आत हुतास."

तो हसला. मला हसू आलं नाही. पन्नास वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसून स्वतःची गोष्ट माझ्या तोंडून ऐकत होता, आणि मी रंगात आलो की मान डोलवत होता.

थेट गाडीनं इंदापूरला परतलो. जुन्या पोस्टच्या वर खुलासा टाकला आहे. ज्या मुलांना मी वर्गात हे सांगितलं त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी ही पोस्ट.

टाकण्याआधी ही सुखदेवला फोनवर वाचून दाखवली. त्याचं नाव ठेवू का, ते विचारलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता नाव तसंच." पण एक दुरुस्ती सुचवली. वीज आल्यावर सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं, असं मी यात लिहिलं होतं.

"ते काढ," तो म्हणाला. "कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत. उजेड आला, आन् समदे बँडकडं बघाय लागले. मी खाली बसलो."

ते वाक्य काढलं आहे.