तो पीत नाय

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात मी सगळ्यांच्या नकला करतो. शेठचीसुद्धा, पण ते बँकेत गेले की. सगळ्यात भारी जमते ती माझ्यासोबत काउंटरला असतो त्याची. सकाळी डोळे अर्धे मिटलेले, आणि चाल अशी की आत्ताच होडीतून उतरलाय. गिऱ्हाईक म्हणतं, "दोन इंची खिळे द्या." हा म्हणतो, "दोन इंची... हां... खिळे." दुपारी मात्र असा पळतो की बघूनच आम्ही दमतो. माझी नक्कल बघून तोच मला सांगतो, "मान अजून खाली सोड रे."

"काय रे, कालची उतरली नाय?" शेठ रोज विचारायचे. तो नुसता हसायचा.

गेल्या आठवड्यात शेठनी एक चावी काउंटरवर ठेवली. त्याला म्हणाले, "देवरूखचं नवं दुकान तू सांभाळ. फक्त दारू सोड."

नुसतं "सोडली" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी मागून तशी खूणसुद्धा केली.

तो म्हणाला, "शेठ, मी पीत नाय. रात्री डिप्रेशनची गोळी घेतो, तिची झोप सकाळपर्यंत राहते. ती सोडणार नाय."

"मेल्या, मग इतके दिवस दारुडा म्हणून घेतलंस?"

"दारूला तुम्ही हसत होतात, शेठ. ह्याच्यासाठी काढून टाकलंत तर?"

शेठ हसले नाहीत. चावी त्याच्यापुढे सरकवून म्हणाले, "तिकडे सकाळी शटर उघडायला कोण ठेवायचा, ते तूच बघ."