मुशीच्या तेलातली व्यायामशाळा

दत्तात्रेय ठाकूर सरांनी आयुष्यात मनापासून एकदाच धाव घेतली होती, आणि ती रेवदंड्याहून सुटलेल्या एसटीच्या मागे. एसटी सापडली नाही. तेव्हापासून धावण्यात काही अर्थ नाही असं त्यांचं मत झालं, आणि पुढे यथावकाश ते विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. या दोन गोष्टींत ज्यांना विसंगती दिसते, त्यांनी विद्यापीठं आतून पाहिलेली नसावीत.

प्रमुख म्हणजे अर्थात प्रभारी प्रमुख. हा शब्द त्यांच्या नावाला आडनावासारखा चिकटला होता. मातोश्री आवडाबाई विद्यापीठ जिथे उभं आहे, तिथे पूर्वी ठाकूरांचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, होती. जमीन देताना घरटी एक नोकरी असं ठरलं होतं. त्या वेळी दोनच जागा रिकाम्या होत्या, एक माळ्याची आणि एक क्रीडा विभागातली. दत्तात्रेय बी.ए. होते आणि उंच होते. झाडांना उंच माणसाचा उपयोग नसतो, म्हणून त्यांना खेळाकडे पाठवलं. त्यांची बायको कल्पिता अधूनमधून जेवण वाढता वाढता विचारायची, "अहो, जमीन कायमची गेली ना आपली? मग नोकरी प्रभारी कशी?" यावर सर आणखी एक भाकरी मागायचे.

कायम करणं हे ज्यांच्या हातात होतं ते बाळाजीशेठ. शेठ मूळचे उरणकडचे, आगरी, भरावाच्या डंपरांचे मालक. खाजणात माती टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं, की रिकाम्या जागा भरण्यापेक्षा रिकाम्या डोक्यांत काहीतरी भरण्याचा धंदा बरा, त्यात डिझेल लागत नाही. त्यांनी आईच्या नावाने विद्यापीठ काढलं, स्वतः कुलपती झाले, आणि पहिल्याच पदवीदान समारंभात विद्यापीठाने त्यांना देऊ केलेली मानद डॉक्टरेट त्यांनी मोठ्या संकोचाने स्वीकारली.

विद्यापीठाला एक 'आरोग्य, क्रीडा व मनोरंजन केंद्र' होतं. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो इमारतीचा पाया घालण्याआधीच छापून आला होता. त्या फोटोत ट्रेडमिलवर धावणारी मुलगी सोनेरी केसांची होती आणि तिच्या मागच्या काचेतून बर्फ दिसत होतं. पुढे इमारत झाली, यंत्रंही आली. ट्रेडमिल, सायकली, डंबेल, दोऱ्या ओढायचे सांगाडे, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दारावर लाल फीत बांधली गेली. शेठनी सरांना बोलावून किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "दत्ता, उद्घाटन नीट पार पाड. त्याच दिवशी तुला कायम करतो. तवर एका मशीनला कुणाचं बोट लागता कामा नये."

सरांनी ती किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली.

आपल्याकडे कुठलीही गोष्ट वापरून जुनी होण्याआधी तिचं उद्घाटन व्हावं लागतं, आणि उद्घाटनाला माणूस मोठा लागतो. पहिला पाहुणा मंत्री होता. तारीख ठरली आणि त्याचं खातं गेलं. दुसरा क्रिकेटपटू होता. त्याचा गुडघा गेला. तिसरी सिनेमातली नटी होती. तिला अलिबागपर्यंत येऊन पुढचा रस्ता पाहिल्यावर घरची आठवण आली. प्रत्येक वेळी मंडप पडला, समोसे आले, मंडप निघाला, समोसे वाटले गेले. उन्हाने फीत गुलाबी झाली की सर नवी लाल फीत बांधत. विद्यार्थी दरवर्षी फिटनेसची फी भरत आणि वसतिगृहाची लिफ्ट बंद असल्यामुळे जिन्याने वर जात. एवढ्यावर केंद्राचा उद्देश बऱ्याच अंशी सफल होत होता.

नवी मुंबईहून आलेली प्राप्ती नावाची विद्यार्थी प्रतिनिधी एकदा सरांना केंद्राच्या पायरीवर गाठून म्हणाली, "सर, पैसे तर घेतले ना? मग यूज कधी करायचं? पास आउट झाल्यावर?"

सरांनी तिला शांतपणे समजावलं की यंत्रं वापरली की खराब होतात. तिने विचारलं, मग आणली कशाला. सर म्हणाले, "उद्घाटनाला."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या घरातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक लग्नापासून तसंच होतं, टीव्हीचा रिमोट पिशवीत होता, आणि भावाच्या नव्या टेम्पोच्या सीटवर बसलं की घामाने चिकटायला व्हायचं. जपलेली वस्तू हीच खरी आपली, वापरलेली ती अर्धी गेली, या विचारात ते वाढले होते. शिवाय या वेळी प्लास्टिकच्या आत नुसती यंत्रं नव्हती, त्यांची नोकरी होती.

मग पावसाळ्यात खाऱ्या हवेने दगा दिला. एका सकाळी सरांनी आत जाऊन पाहिलं, तर डंबेलांवर तांबूस ठिपके आले होते, देवी आल्यासारखे. ट्रेडमिलच्या दांड्यावरही एक होता. विद्यापीठाचं फाटक, कॅन्टीनच्या खुर्च्या, प्रयोगशाळेतले स्टँड, शेठच्या आईच्या पुतळ्याभोवतीची साखळी, सगळं आधीच गंजलं होतं, पण त्याच्याशी सरांची नोकरी बांधलेली नव्हती. ते तसेच रिक्षा करून रेवदंड्याला गेले, आपल्या शाळूसोबत्याकडे, रंगू कोळ्याकडे. रंगूची स्वतःची होडी होती आणि लोखंड व समुद्र यांचं भांडण तो रोज मिटवत होता.

रंगूने जाळ्यावरून मान वर न काढता उपाय सांगितला. "मुशीचं तेल लाव. माझी होडी बघतंस ना? बापाच्या वेळची हाय. एका खिळ्याला गंज न्हाय."

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. तिच्या यकृताचं तेल काढून इथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या होड्यांना लावत आले आहेत. उपाय शंभर टक्के खरा होता. फक्त होडी उघड्यावर असते, वाऱ्यात आणि पाण्यात, ही गोष्ट रंगूने सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटलं नाही. आणि सरांनी विचारली नाही, कारण त्यांच्या नाकाचं शिक्षण बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांखाली झालं होतं. त्या नाकाला मुशीच्या तेलाचा वास येत नव्हता असं नाही, येत होता. पण घराचा वास जसा घरात राहणाऱ्याला येतो, तसा.

सरांनी प्लास्टिक काढलं, रंगूकडून आणलेले डबे ओतले, आणि एकेका यंत्राला स्वतःच्या हाताने तेल चोळलं. दांडे, साखळ्या, वजनं, काही सोडलं नाही. कुणाला मदतीला घेतलं नाही, कारण कुणाचं बोट लागता कामा नये असं बजावलेलं होतं. मग पुन्हा सगळं प्लास्टिकमध्ये बांधलं, आणि खारी हवा आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाराला कुलूप घातलं. बाहेर फीत होतीच.

ऊन तापू लागलं तशी केंद्राच्या आसपास विद्यार्थ्यांनी नाकं धरायला सुरुवात केली. सरांनी त्यांना सांगितलं की वारा रेवदंड्याकडून आहे, तिथे मासळी वाळत घालतात. हे ते मनापासून सांगत होते. पायरीवर मांजरं जमू लागली. आधी एक, मग सहकुटुंब. सरांना त्यात शुभशकुन दिसला. विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात इतकी नियमित हजेरी नव्हती.

अखेर पाहुणा मिळाला. ते पुण्याकडचे एक श्वासाचार्य होते. पांढरं रेशीम नेसायचे आणि श्वास कसा घ्यावा हे लोकांना शिकवायचे. हे काम लोक जन्मल्यापासून फुकट करत आले होते हे लक्षात घेता, त्यांनी त्यात कमावलेलं नाव थोर म्हणायला हवं. तारीख ठरली आणि या वेळी ती टळली नाही. मंडप पडला. व्हॉलीबॉलच्या मैदानावर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या. कल्पिता ठेवणीतली पैठणी नेसून पहिल्या रांगेच्या मागच्या रांगेत बसली. पहिली रांग कायम लोकांसाठी होती.

आचार्यांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. सरांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दोन्ही दारं सताड उघडून बाजूला झाले. कितीतरी महिन्यांची बंद हवा उंबऱ्यापर्यंत आली आणि पाहुण्यांची वाट पाहत थांबली. आचार्यांनी हात पसरले, डोळे मिटले आणि माइकवरून म्हणाले, "मित्रहो, कुठल्याही आरंभाआधी एक दीर्घ श्वास. पोटापर्यंत."

श्वास पोटापर्यंत गेला. परत आला तो आचार्यांना घेऊनच. ते दोन पायऱ्या एकदम उतरले आणि खांबाला धरून वाकले. त्यांचं ऐकून पहिल्या रांगेनेही पोटापर्यंत श्वास घेतला होता. व्यवस्थापन मंडळ, दोन अधिष्ठाते आणि ग्रंथपाल एकाच वेळी उठले. मांजरं तेवढी सर्वांच्या पायांतून उलट दिशेने, आत गेली.

बाळाजीशेठना वास तत्काळ ओळखू आला. लहानपणी असलंच तेल लावलेल्या होडीच्या सावलीत ते खेळले होते. परंतु इतकी वर्षं शिक्षणक्षेत्रात काढल्यामुळे त्यांनी तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नाकाला रुमाल लावून ते सरांना म्हणाले, "फोटो तर पाहिजे. कुणाला तरी पळव त्याच्यावर."

सरांनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. विद्यार्थी व्हॉलीबॉलच्या मैदानापर्यंत मागे सरकले होते. ज्यांनी वर्षानुवर्षं आत जायचा हट्ट धरला, त्यांना आता कुणी आत जा म्हणत होतं आणि कुणी जात नव्हतं. तेव्हा सर स्वतः गेले. ट्रेडमिलवरचं प्लास्टिक त्यांनी घडी करून ठेवलं, बटण दाबलं, आणि आयुष्यातली दुसरी धाव घेतली. यंत्र लोण्यासारखं चाललं. फोटोग्राफरने काचेबाहेरून फोटो काढले आणि तो गेला. थांबायचं बटण तेलाने इतकं गुळगुळीत झालं होतं की बोट टिकेना, म्हणून सर बराच वेळ धावत राहिले. पहिल्या धावेसारखंच या वेळीही ते कुठे पोहोचले नाहीत.

शेवटी वायर उपटून ते बाहेर आले तेव्हा मंडपात शेठ आणि कल्पिता एवढेच उरले होते. समोसे तसेच होते. सर धापा टाकत म्हणाले, "शेठ, उद्घाटन झालं. माझं?"

"तुझं काय माझं? जाहिरात काढतो आता. बाहेरचा मानूस आणतो, शिकलेला."

कल्पिता उठून उभी राहिली. पैठणीचा पदर खोचून तिने समोस्यांचं ताट उचललं आणि घरी नेलं. खाजणाच्या बदल्यात निदान तेवढं.

'क्रीडा संचालक' या कायम पदाची जाहिरात निघाली. शारीरिक शिक्षणात पीएच.डी. केलेले उमेदवार लांबलांबून आले. संचालकाची केबिन केंद्राच्या आतच होती आणि ती हलवायला शेठ तयार नव्हते, कारण तिच्या फरशीचे पैसे दिलेले होते. यंत्रं दरम्यान साबणाने, लिंबाने आणि काथ्याने घासून झाली होती; वासाने भिंतीत घर केलं होतं. मुलाखती केबिनमध्ये ठेवल्या. एका उमेदवाराने पहिला प्रश्न संपायच्या आत खिडकीबद्दल विचारलं. दुसरा उत्तरं रुमालातून देत होता, ती समितीला ऐकू गेली नाहीत. तिसऱ्याची निवड झाली, तो रुजूही झाला, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलावरच सोडून अलिबागच्या रिक्षात बसला. डबा मांजरांनी संपवला.

दत्तात्रेय ठाकूरही उमेदवार होतेच. ते केबिनमध्ये बसले, चहा घेतला, वर मागून बिस्किटं खाल्ली, आणि एवढं छान वारं विद्यापीठात दुसरीकडे नाही असंही म्हणाले. समितीने घाईने शेरा लिहिला: पदासाठी लागणारी सहनशक्ती एकाच उमेदवारात आढळली. शेठनी बाहेर उभं राहून सही केली. घरी नेमणुकीचा हुकूम वाचून कल्पिताने पहिल्यांदा सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं आणि ती उघड्या सोफ्यावर बसली. सर तो सबंध वेळ उभेच होते.

केंद्र आता रीतसर सुरू आहे. विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, फी मात्र भरतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की रंगू आणि त्याचे सोबती ट्रेडमिलवर चालायला येतात. त्यांना तिथे घरच्यासारखं वाटतं. माहितीपत्रकात त्यांचा फोटो 'सामाजिक बांधिलकी' या मथळ्याखाली आहे. इथली मूळची माणसं पुन्हा या जमिनीवर आली ती अशी, एका जागी चालत. एका यंत्रावर एक ठिपका गंज नाही.

संचालक म्हणून सरांच्या नावाची पितळी पाटीही तयार होऊन आली आहे. केबिनच्या दारावर लावली आहे, पण वाचता येत नाही. ती प्लास्टिकमध्ये आहे. रंगूने एकदा विचारलं, काढत का न्हाय ते.

"अनावरण व्हायचं आहे," सर म्हणाले. "पाहुणा बघतोय."