जामचा पाय

माझी मोठी जाऊ पुंजाबाई. तिला कोणी शांत म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. ती बोलायला लागली की खाणीचा भोंगा परवडला, तो निदान थांबतो तरी, असं राजूरला आमच्या खाणमजुरांच्या खोल्यांच्या ओळीतल्या बाया म्हणायच्या. तिच्या तोंडावर म्हणायची मात्र कोणाची टाप नव्हती. माझीही नव्हती.

नवरा तरणाताठा गेला. एकुलत्या गोविंदाला तिनं रोजमजुरी करून वाढवलं, आणि तो कोळशाच्या खाणीत लागला तशी गाव सोडून ती राजूरला आली. तिचा दीर, म्हणजे माझा नवरा, आधीपासून त्याच खाणीत होता. खोल्या आमच्या शेजारीशेजारी, पण चूल एकच. वेगळी चूल मांडायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या हातच्या जेवणाला मी सोकावले होते.

गावी असताना आमच्या घरावर येसकरकीची पाळी यायची. पाळी आली की दिवसभर गावाची कामं करायची आणि संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकर मागत फिरायचं. ते फिरणं पुंजाबाईच्या वाट्याला होतं. लोक ओट्यावर उभं राहून वरून टाकत, सकाळचं, शिळं, कधी आंबलेलंसुद्धा. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि आल्या आल्या तिनं ती टोपली चुलीत घातली. तिच्यावर पाणी तापवलं आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. मग मला समोर उभं करून म्हणाली, "लहाने, आजपासून ह्या घरात कोणाचं टाकलेलं कोणी खाणार नाई. उपाशी मरू, पण खाणार नाई."

बोलल्यासारखी वागलीही. लग्नघरून उरलेलं कोणी पाठवलं तर भांडं तसंच परत जायचं. एकदा मी बुंदी ठेवून घेतली, तर बाई माझ्याशी बोलेना, आणि पुंजाबाईचा अबोला म्हणजे तिच्या बोलण्याहून वाईट.

तर अशा घरात गोविंदाची बायको म्हणून कामठीची कौसल्या आली. कामठी म्हणजे छावणीचं गाव, साहेब लोकांचं. तिची माय तिथल्या एका बेकरीत कामाला होती. कौसल्या ओळीतल्या बायांना सांगायची की बेकरीत काचेचं कपाट होतं, त्यातला, पाय की काय म्हणतात तो साहेबी पदार्थ, आपण बशीत घेऊन खुर्चीवर बसून खाल्ला आहे. आम्ही तिला कामठीची मडम म्हणायचो. ती हसायची. गोड पोरगी होती, पण कुशीच्या बाबतीत नशीब फुटकं.

पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. साठ सालच्या थंडीत तिसऱ्यांदा दिवस राहिलेले, सहावा लागलेला, आणि पोटात काही टिकेना. भाकर पुढं आली की ओकारी, वरणाला फोडणी दिली की ओकारी. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुंजाबाईला बाजूला घेतलं. "सुया मी देते," त्या म्हणाल्या, "पण अन्न गेलं नाही तर बाळ राहणार नाही. आणि ह्या वेळी हिचाही भरवसा मला वाटत नाही. जे मागेल ते द्या." परतताना गाडीत पुंजाबाई एक शब्द बोलली नाही. मला डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

डोहाळे-बिहाळे आपण आता मानत नाही, असं ती एरवी सगळ्यांना सुनवायची. घरी आल्यावर कौसल्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "काय खावं वाटते पोरी? माग. जे पाह्यजे ते माग."

कौसल्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाली, "पाय."

पुंजाबाई उठली ती थेट खाटकाकडं. बकऱ्याचे पाय आणले, भाजले, खरवडले, मिरे घालून रस्सा केला. त्या वासानं पोरगी ओकून ओकून पांढरीफटक पडली.

"तूच तं पाय मांगतले नं वं," पुंजाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ते पाय नाई, आत्याबाई. बेकरीतला पाय. गोड राह्यते. वरतून खारीवानी पदर, अन् आत जाम."

इथं पुंजाबाईचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात, आणि थंडीत जामांना काय तोटा. बेकरीतला जाम म्हणजे साहेब लोक पावाला लावतात तो, हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. कौसल्याला ठाऊक असेल, पण हुज्जत घालायचं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.

पिकले जाम शिजवून, बिया गाळून, साखर घालून पुंजाबाईनं घोटले. चव छान जमली. पण बेकरीची भट्टी आणायची कुठून? आम्हाला भाजणं ठाऊक ते रोडग्यांचं, गोवऱ्यांच्या आरात. तिनं कणकेच्या गोळ्यात जाम भरला आणि रोडग्यासारखा आरात पुरला. कौसल्यानं तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. "धुराचा वास येते," एवढंच म्हणाली. तिनं दिवसभरात दोन घोट पाणी घेतलं होतं, तेही पडलं.

मग गोविंदाला वणीला पिटाळून मैदा आणि डालडा आणवला. कौसल्या पडल्या पडल्या सांगत होती, लाटायचं, डालडा लावायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. माय कामात असताना तिनं हे दारातून पाहिलेलं. मोठ्या गंजात निर्गुडा नदीची वाळू घातली, तापवली, वाळूवर ताटली, ताटलीत तो पाय, वर झाकण आणि झाकणावर बाभळीचे निखारे. खाणीचा कोळसा दारात पडलेला, पण त्याची घाण लागेल म्हणून पुंजाबाईनं त्याला हात लावला नाही. पहिला कच्चा राहिला, दुसरा फुटला. त्यानंतरचा मात्र असा फुलून आला की मी पाहतच राहिले. बदामी रंग, पदर सुटलेले, कुठं चीर नाही. पुंजाबाईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"पाह्य लहाने. कामठीवाल्याच्या बापानं केला नसन असा."

तिनं तो कौसल्यापुढं ठेवला. पोरीनं पाहिला, तुकडा मोडला, तोंडात घातला. चावला. आणि हातावर काढून ठेवला.

"असा नव्हता," ती म्हणाली.

"मंग कसा होता?"

कौसल्यानं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. पुंजाबाई पुन्हा चुलीपुढं बसली. साखर वाढवून केला, साखर कमी करून केला, पातळ केला, जाड केला. दर वेळी तेच. पोरगी आशेनं पाहायची, एक घास घ्यायची, आणि तिचा चेहरा पडायचा. एका दुपारी तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. "काकी, सकाळपासून हाललं नाई," म्हणाली. मी हात तसाच धरून बसले. काही लागेना. मी पुंजाबाईला हाक मारली.

पुंजाबाई पिठाच्या हातानंच आली. तिनंही हात ठेवून पाहिला. मग कौसल्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "पोरी, काय लपवून राह्यली तू? तुले पाय पाह्यजे, म्या पाय केला. मंग जात काहून नाई? खरं सांग. म्या रागावणार नाई."

कौसल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अख्खा पाय म्या कधी खाल्लाच नाई, आत्याबाई."

"म्हणजे?"

"माय बेकरीत झाडाले होती. मांगच्या दारी. आमाले आत घेत नव्हते. सांजच्याले पत्र्याले चिकटलेल्या, जळलेल्या कडा राहत, तुटकं-फुटकं राहे. ते वरून मायच्या पदरात टाकत. जाम बाहेर येऊन जळे, कडक होऊन जाय, कडूगोड. माय ते मले देई. मले तेच आठवते. मधला कसा लागते, मले माहीतच नाई." मग तिनं विचारलं, "खुर्चीवर बसून खाल्ला, हे म्या खोटं सांगे. तुमी सांगसान का बायायले?"

पुंजाबाई उठून उभी राहिली. मी तिचा राग पुष्कळ पाहिला होता, पण असा नाही. ती दाराबाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी मागं गेले. मला तिची चुलीत घातलेली टोपली माहीत होती, आणि पोरीचं पोटही माहीत होतं. तिनं आता शपथ धरून ठेवली तर मी काय करणार होते, कोण जाणे. मी धीर करून म्हटलं, "बाई, काही म्हणा, पण पोर मरून जाईन."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "माह्यासमोर नको बोलू काही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "वरून टाकत म्हणे. लेकुरवाळ्या बाईच्या पदरात."

ती आत आली आणि पुन्हा मैदा भिजवला. लाटला, घड्या घातल्या, जाम भरला, इतका की तो कडांतून बाहेर येत होता. गंजात ठेवला. ह्या वेळी झाकणावर दुप्पट निखारे घातले आणि पाटावर बसून राहिली. थोड्या वेळानं घरात जळका वास भरला.

"बाई, जळून राह्यलं," मी म्हटलं.

"जळू दे."

"अवं, कोळसा होईन. उतरवा नं."

"जळू दे म्हणलं नं तुले."

उतरवला तेव्हा त्याच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि बाहेर आलेला जाम ताटलीला करपून चिकटलेला. पुंजाबाईनं फळीवरचं पितळी ताट काढलं. ते पाहुण्यांसाठी असायचं. पदरानं पुसलं, त्यात तो पाय ठेवला आणि कौसल्याजवळ जमिनीवर बसली. तिचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मग काळी कड मोडली.

"हे पाह्य," ती म्हणाली. "हे माह्या चुलीवर केलं. म्या मुद्दाम जाळलं. म्या माह्या हातानं मोडलं. कोणी टाकलं नाई. समजलं?"

"व्हय."

"कोणी टाकलं?"

"कोणी नाई."

"मंग आ कर."

तिनं तुकडा कौसल्याच्या जिभेवर ठेवला. बोटं ओठांना लागली तरी काढून घेतली नाहीत. पोरगी चावत राहिली, डोळे मिटून. गिळलं. आम्ही दोघी तिच्या गळ्याकडं बघत बसलो. ओकारी होईल म्हणून माझ्या हातात घमेलं तयार होतं. घमेलं तसंच राहिलं. कौसल्यानं पुन्हा तोंड उघडलं. एका बाजूची अख्खी कड खाऊन ती झोपली, आणि झोपेत तिच्या पोटावरचं लुगडं एकदा हललं. मला वाटलं मला भास झाला. पुंजाबाईनं मान हलवली, तिनंही पाहिलं होतं.

त्यानंतर रोज एक पाय जळायचा. कडा कौसल्याच्या, मधला आम्ही आणि गोविंदा खायचो. ओळीतल्या बाया म्हणायच्या, पुंजाबाईला म्हातारपण आलं, सगळं जाळते. पुंजाबाईनं कोणाला काही सांगितलं नाही, उलट म्हणाली, "आमच्या मडमले कामठीत खुर्चीवर बसून खायची सवय होती, तिचे लाड आहेत." पाठोपाठ कौसल्या भाकरीचा करपलेला पापुद्रा खायला लागली, मग भाकर, मग वरण. गाल भरले नाहीत, पण तोंडावर रंग आला.

एकदा कडा मोडून झाल्यावर पुंजाबाई ताट उचलायला लागली, तर कौसल्यानं तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, मधला कसा लागते, पाहू द्या नं मले."

पुंजाबाई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. नवरा गेला तेव्हा ती सगळ्यांना धीर देत फिरत होती. तिला अशी रडताना पाहून मलाही आवरेना. मग नाक पुसून ती एकदम खेकसली, "हा नको खाऊ, कडू हाय. थांब, चांगला करून देतो." आणि तो नवा भाजून होईपर्यंत तिनं गंजावरची नजर काढली नाही.

फाल्गुनात वणीच्या दवाखान्यात कौसल्या बाळंत झाली. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो, एकमेकींकडं न बघता. आतून रडण्याचा आवाज आला आणि थांबेचना. दाई दार उघडून म्हणाली, "मुलगी आहे. फार रडते हो तुमची नात. भूक लागलेली दिसते."

"रडू दे," पुंजाबाई म्हणाली. "जे पाह्यजे ते मांगू दे तिले."