भुलीत असताना मी बोललो म्हणे

भूतखेत, चाहूल, संकेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिताना टाइमपास म्हणून वाचायचो. पण गेल्या वर्षी जे झालं ते कोणाला सांगायचं तेच कळत नाही, म्हणून लिहितोय.

मी डोंबिवलीत राहतो, मानपाड्याला ॲक्रिलिकचे बोर्ड बनवायच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाची मला ॲलर्जी झाली — बोटांना फोड यायचे, कातडी सोलून निघायची. स्किनच्या डॉक्टरांनी बजावलेलं, हा गोंद अंगाला लागू देऊ नका. तेव्हापासून मी फक्त कटिंग करतो.

जांघेत हर्निया निघाला तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. माझा लहानपणापासूनचा मित्र सुहास सर्जन आहे. ठाकुर्लीच्या चाळीत आमची दारं समोरासमोर होती. त्याच्या वडिलांना खांदा दिलाय मी. कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलात तो दुर्बिणीतून ऑपरेशन करून पोटात जाळी बसवणार होता. ती टाक्यांनी धरते, नाहीतर गोंदाने, असं त्यानेच सांगितलं.

"गोंद नको रे. माझी बोटं बघितलीस ना?"

"नाही लावत. शब्द देतो."

दुपारी मला आत नेलं. बायको, रूपाली, बाहेर बाकावर बसलेली. ती सांगते, एकदम मागून माझा आवाज आला, अगदी स्पष्ट — "सुहास, तू शब्द दिलायस." वळून बघते तर नुसती भिंत. ती धावत सिस्टरकडे गेली. "हे शुद्धीवर आले का?"

"अहो, ऑपरेशन चालू आहे त्यांचं," सिस्टर म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर मी हसलो. "अगं, टेन्शनने होतं तसं."

संध्याकाळी सुहास आला. "मस्त झालं. टाके घातलेत, आपोआप विरघळतील." रूपालीने त्याला आवाजाचं सांगितलं. एरवी अशा गोष्टींवर सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस... हसला नाही. "आराम कर," म्हणाला आणि निघून गेला.

घरी आल्यावर खाज सुटली. मग जखमांभोवती फोड, त्यातून पाणी. हे फोड मी ओळखत होतो. फोनवर सुहास म्हणाला, "टाक्यांची रिॲक्शन असते, गोळी घे." मी घेतली. त्याच्यावर संशय घ्यायचीच लाज वाटत होती.

शेवटी रूपाली मला ठाण्याला दुसऱ्या सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी जखमेवर टॉर्च धरला. "टाके कुठेत? हे गोंदाने बंद केलंय." त्यांनी माझ्यासमोरच सुहासला फोन लावला. आतली जाळीसुद्धा गोंदानेच बसवली होती, हे त्याने फोनवर कबूल केलं. वरचे फोड औषधाने बरे होतील म्हणाले. आतला गोंद काढता येणार नव्हता... लक्ष ठेवायचं, बस्स.

मी थेट सुहासच्या घरी गेलो. तो म्हणाला, "टाक्यात नस सापडली तर वर्षानुवर्षं दुखतं रे. मेडिकलचा गोंद वेगळा असतो, वाटलं तुला काही होणार नाही. तुझ्या भल्यासाठीच—"

"मग खोटं का बोललास?"

तो खाली बघत म्हणाला, "रूपालीने जे ऐकलं... ते मीपण ऐकलं."

"काय?"

"तुझ्या तोंडात नळी होती, तू बोलूच शकत नव्हतास. बाकी कोणाला काही ऐकू आलं नाही. पण माझ्या कानाशी तुझा आवाज आला — तू शब्द दिलायस. गोंद तेव्हा हातातच होता माझ्या."

"मग?"

"थांबलो थोडा... मग लावला."

मी तसाच उठून आलो. फोड गेले, पोटातला गोंद आहे. भूल दिलेला माणूस बोलतो कसा, बाहेर बसलेल्या बायकोला आणि आत उभ्या असलेल्या डॉक्टरला एकच वाक्य कसं ऐकू येतं, मला कोणी सांगू शकलेलं नाही. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. सुहासचे फोन येतात अजून. मी उचलत नाही. मला त्याला जे सांगायचं होतं, ते मी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे.