रागावण्याचे काम

२२ नोव्हेंबर १९५९, रविवार, सकाळी साडेसात वाजता माझे धाकटे साडू भिलाईतल्या माझ्या क्वार्टरच्या दारात येऊन उभे राहिले. सायकल त्यांची होती. चालवीत त्यांचा एक शेजारी आला होता, आणि साडू मागे कॅरिअरवर बसून आले होते. स्वतःच्या हाताने काहीही न करता एवढे काम उभे करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माळरानावर अख्खा पोलाद कारखाना उभा राहताना मी पाहिला आहे, हे ध्यानात घेऊन हे विधान करतो.

साडूंचा धंदा हातमोज्यांचा होता. बांधकामावर लोखंडी सळया उचलणाऱ्या मजुरांसाठी ते जाड कॅनव्हासचे हातमोजे शिवून देत. म्हणजे शिवून घेत. त्यांना स्वतःला सुईत दोरा ओवता येत नव्हता. दुकान नव्हते, नोकर नव्हता. कापड बेतायचे ते कॅम्पातल्या एका तेलुगू शिंप्याने, शिवायचे ते ज्यांच्या घरी मशीन आहे अशा बायकांनी, आणि टाके तपासायचे ते एका पंजाबी आजीने, जिने खोट काढल्याशिवाय सुनेची पोळीसुद्धा कधी खाल्ली नव्हती. ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करावे. “नोकर ठेवला का तो आपल्याले पाहून काम करते, भाऊजी. घरी दिलं का कामाले पाहून करते,” असे त्यांचे म्हणणे. तुम्हाला स्वतःला काय येते, असे मी एकदा विचारले. “मले काहीच येत नाही. म्हणून तं मालक आहो.”

हीच पद्धत घरातही होती. चहा मेहुणी करी, पण साखर किती घालायची हे शेजारच्या बंगाली बाबूंना विचारून ठरे, कारण गोडाची जाण साऱ्या ओळीत त्यांनाच आहे, असा साडूंचा निर्णय होता. पूजेचा नारळ फोडायला ते एका फिटरला बोलावीत. त्याच्या हातून नारळ बरोबर मधोमध फुटतो म्हणून. या योजनेत माझ्याकडेही एक काम होते. “रागावणं मले साधत नाही, भाऊजी. सुरू केलं का हसू येते. तुमचा तं हात बसला आहे.” एखाद्या घरून माल वेळेवर आला नाही की ते मला घेऊन जात. मी दारात उभा राही. बोलावे लागत नसे. संध्याकाळपर्यंत माल येई, आणि दुसऱ्या दिवशी मेहुणीकडून आमच्याकडे चकल्या येत. मी त्या नाकारल्या नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी त्यांना पहिल्या मोठ्या मागणीचा माल एका ठेकेदाराकडे पोचता करायचा होता. पवनीला त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते. हा माल पसंत पडला तर भिलाईत राहा, परत आला तर येऊन तराजूवर बस, असे वडिलांनी बजावले होते. साडू गेले असते तर त्या साऱ्या बायकांची मशीनेही थांबली असती. जवळच्या जुनवानी गावातल्या एकीने तर या कामासाठी माहेरचे मशीन बैलगाडीतून आणवले होते.

“चला भाऊजी. रागवायचं आहे.”

“कोणावर?”

“थेच तं समजून नाही राहिलं.”

त्यांच्या घरी सतरंजीवर हातमोज्यांचा ढीग होता. मी एक उचलला, दुसरा उचलला. सगळे डाव्या हाताचे होते.

“पण टाका एकही सैल नाही,” साडू म्हणाले.

नमुन्याच्या जोडीतला उजवा हातमोजा मेहुणीने चुलीवरून पातेले उतरवायला घेतला होता. घरोघर फिरला तो एकटा डावा, आणि प्रत्येक घराने नमुन्याशी इमान राखले होते. आजीने टाके तपासले होते. हात तपासायला तिला कोणी सांगितले नव्हते.

“मले काय पुसता?” मेहुणी आतूनच म्हणाली. “घरात दोन हात आले. एक माह्या कामाले आला.”

साडूंवर मी कधी रागावलो नव्हतो. त्या दिवशी रागावलो. एक हातमोजा डाव्या हातात चढवला, तो त्यांच्या तोंडासमोर धरला, आणि मजुराला हात दोन असतात, येथपासून सुरुवात केली. बोलून झाल्यावर तो ओढून काढला. घट्ट होता, निघताना आतली बाजू बाहेर आली. तसाच ढिगावर फेकला.

साडूंचे माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. ते वाकले, तो उलटा हातमोजा त्यांनी स्वतः उचलला आणि उजव्या हातात घातला. अंगठा अंगठ्याच्या जागी बसला.

त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “भाऊजी, अजून एक काढून फेका.”

“राग गेला.”

“आणा नं थोडा.”

दुपारपर्यंत निम्मे हातमोजे उलटून झाले. पंजाबी आजी आली, तिने शिवण पुन्हा पाहिली आणि प्रथमच खोट न काढता परत गेली. झाले ते आधी सांगायचे, माल मग दाखवायचा, ही अट मी घातली; साडूंनी ती पाळली. ठेकेदाराच्या फोरमनने सगळे ऐकून घेतले, एक जोडी चढवली, सळई उचलली, बोटे उघडमिट केली. उजव्या हाताची शिवण बाहेर होती.

“ये वाला हाथ चुभता नहीं,” तो म्हणाला. “अगली बार दोनों ऐसे ही देना.”

“इनका काम है, साहब,” साडूंनी लगेच माझ्याकडे बोट दाखवले.

नोकरीत मला शाबासकी मिळाली आहे. तिचे शब्द आठवत नाहीत. हे आठवतात.

साडू पवनीला गेले नाहीत. धंदा त्यांनी शेवटपर्यंत असाच, हात न लावता, चालवला. ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली. मी अजून रागावतो; पण त्यासाठी बोलावणारा कोणी नाही.

त्या संध्याकाळी परत आल्यावर ते म्हणाले, “आज चहा मी करतो.” मेहुणी उठू लागली, तिला त्यांनी बसवले. दूध करपले होते. बंगाली बाबूंना विचारलेले नसल्यामुळे साखर पडलीच नव्हती. साडू माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. मी चहा सगळा प्यालो, नळावर कप विसळला आणि फळीवर पालथा घातला.