बापूंच्या मळ्यातला दिवा

मंडळी, आत्ताच घरी आलोय, लगेच लिहितो.

मी वडूजला सोलर बसवायची कामं करतो. आज दुपारी बापूंच्या मळ्यातल्या खोलीवर गेलो होतो. बापू फौजेतून रिटायर झालेले. दिवाळीनंतर वारले, तेव्हापासून खोली रिकामीच. बॅटरी टिकावी म्हणून त्यांच्या मुलानं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बदलायला सांगितला होता.

जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर काढला, नव्या पद्धतीचा एमपीपीटी बसवला. त्याच पॅनेलवर चार्जिंग लय वाढलं. मी खूश.

दिवस मावळला आणि ओढ्यापलीकडच्या घरातून काकींचा, म्हणजे बापूंच्या बायकोचा, फोन आला. "आरं, ह्यांनी अजून दिवा न्हाई लावला. बघ की जाऊन."

अंगावर काटा आला. मग डोक्यात प्रकाश पडला. अंधार झाला की जुना कंट्रोलर दिवा आपोआप लावायचा. नव्यात ती सेटिंग करायचं मी विसरलो होतो. नुसते अँपिअर मोजत बसलो, मोठा शहाणा!

गाडी काढली, खोली गाठली, सेटिंग केली. दिवा लागला. मी दारात येऊन उभा राहिलो, तोच फोन.

"आलं बघ. दारातच उभं हायत. तू आता तिकडं नको जाऊस."

मी बराच वेळ दारातून हललो नाही.

तुम्ही असता तर सांगितलं असतं का काकींना, दारात कोण आहे ते?