चोकवाली आणि बिनचोकची

या गौरवअंकात सरांचे विद्यार्थी लिहितील, सहशिक्षक लिहितील. मी यांच्यापैकी कोणीच नाही. मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये शाळेची मुलं ने-आण करणारी व्हॅनवाली. प्रभाकर जाधव सरांनी अंबरनाथच्या शाळेत भूगोल कसा शिकवला, हे मला ठाऊक नाही. पण कुठल्या सालच्या व्हॅनला काय होतं आणि काय नव्हतं, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगू शकेन.

आमची ओळख हरेशभाईंच्या गॅरेजमध्ये झाली. माझे यजमान जाऊन काही महिने झाले होते आणि त्यांची व्हॅन विकायला मी तिथे नेली होती. गाडी मला चालवता येत होती, पण त्यांच्या जागेवर बसवत नव्हतं. हरेशभाई म्हणाले, "भाभी, जल्दी मत करो. घाईत विकली की मग रडायचं."

शेजारी पुढची सीट उचलून आपल्या गाडीच्या इंजिनात डोकावणारे एक गृहस्थ होते. ते मान वर न करताच म्हणाले, "ताई, विकायच्या आधी एकदा माझी चालवून बघा. मग तुमची काय आहे ते कळेल."

ते जाधव सर. त्यांची व्हॅन अगदी सुरुवातीच्या मॉडेलची. थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून चोकची दांडी ओढून, स्टिअरिंगशी झटापट करून, ब्रेकवर जवळजवळ उभी राहून मी एक चक्कर मारली आणि घामाघूम होऊन परतले. तेवढ्यात सर माझी फिरवून आले होते. "इंजिन तेच हो, तीन सिलिंडरचं," ते म्हणाले. "फक्त पेट्रोल पाजायची रीत बदलली. माझीचा कार्बोरेटर अंदाजाने पाजतो, तुमचीला इंजेक्शनमुळे मोजून मिळतं. ब्रेकला बूस्टर आहे, चोकची कटकट नाही. तुमच्या यजमानांनी पारखून घेतली आहे." नवऱ्याबद्दल त्या काळात सगळे हळहळत. त्यांचं कौतुक करणारे सर पहिले. मी गाडी विकली नाही, आणि आज माझं घर त्याच गाडीवर चालतं.

सर बदलापूरला राहतात. त्यांच्या घराजवळच्या मैदानात दर रविवारी सकाळी व्हॅनवाले जमायचे. तिथला रिवाज सरांनीच घालून दिलेला. दोघांनी चाव्यांची अदलाबदल करायची, चामटोली गावापर्यंत जाऊन यायचं, आणि परत आल्यावर दुसऱ्याच्या गाडीचा गुण अन् स्वतःच्या गाडीची खोड सांगायची. उलटं बोललेलं चालत नसे. सवयीने घोटाळे व्हायचे. सर माझी गाडी सुरू करण्याआधी अॅक्सिलरेटर दोनदा दाबत, त्याची तिला काहीच गरज नसे. मी सोमवारी मुलांना घ्यायला निघाले की माझ्याच गाडीत नसलेला चोक चाचपत असे. मुलं हसत.

सरांच्या पत्नी सुधाताई लांबलेल्या आजारात गेल्या, त्यानंतरच्या रविवारीही सर आले. त्यांनी यावं, असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. फेरी झाली. गाडीची खोड सांगायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "सरकतं दार जाम झालंय. उघडलंच नाही ना बरेच दिवस." गुडघे दुखत म्हणून सुधाताई नेहमी त्याच दाराने मागे बसत. पुढच्या रविवारी मी दाराच्या पट्टीला ग्रीस लावलं. सरांनी दार एकदा उघडलं, लावलं, आणि म्हणाले, "छान झालं."

हळूहळू मैदान रिकामं होत गेलं. कोणी गाडी भंगारात दिली, कोणी मोठी घेतली, कोणी चिखलोलीच्या नव्या इमारतीत गेले आणि तिथे पार्किंग मिळालं नाही. शेवटी आम्ही दोघंच उरलो. तरी रिवाज चालू होता.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सर माझी गाडी घेऊन पुढे, मी त्यांची घेऊन मागे. चामटोलीच्या अलीकडे पुढे म्हैस आडवी आली. मी मागून हॉर्नवर हात ठेवला, तेव्हा कुठे सरांनी ब्रेक दाबला. ते उतरून माझ्या खिडकीशी आले. "ताई, मला म्हैस दिसलीच नाही. परतताना तुम्ही चालवा."

गाड्या दोन आणि चालवणारी मी एकटी. सरांची गाडी कडेला लावून मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. दुसरी आणायला रिक्षाने निघाले, तेव्हा सर फाटकात उभे होते. "चोक ओढू नका," एवढंच म्हणाले, "इंजिन गरम असेल." येताना त्या रिकाम्या गाडीचा पत्रा सबंध रस्ताभर वाजत होता. सुधाताई गेल्यापासून सरांना हा आवाज रोज ऐकू येत असणार, हे मला तेव्हा समजलं, आणि मी रडले.

डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली आहे. हा गौरवसमारंभ झाला की सर मुलाकडे नागपूरला राहायला जातील. ते योग्यच आहे. सूनबाई चांगल्या आहेत, घर मोठं आहे. गेल्या रविवारी सरांनी त्यांच्या गाडीची चावी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हटलं नाही. पण दोन्ही चाव्या माझ्याकडे आल्यावर अदलाबदल कोणाशी करायची, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. उरलेली नजर त्यांना शेवटपर्यंत साथ देवो. या सदिच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही: मला सर हवे आहेत. अधूनमधून त्यांनी बदलापूरला यावं. स्टेशनवर गाडी घेऊन मी उभी असेन. कोणती आणायची, तेवढं त्यांनी आदल्या दिवशी कळवावं.